फुगा फुगला आणि वजन उतरलं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी नववीला विज्ञान शिकवते. द्रव्य अक्षय्यतेचा नियम, म्हणजे रासायनिक अभिक्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही, हे दाखवायला बाटलीत 100 ग्रॅम व्हिनेगर घेतलं, फुग्यात 7 ग्रॅम खायचा सोडा भरून तो बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवला आणि मग सोडा आत पाडला. फुगा मस्त फुगला, साबणाचं पाणी लावून बघितलं, कुठेच गळती नाही. तरी काट्यावर वजन 2 ग्रॅमच्या वर कमी! मुलं म्हणतायत मॅडम नियम चुकला. काय सांगू त्यांना?

उत्तर: मॅडम, मुलांनी काटा बरोबर वाचलाय आणि नियमही शाबूत आहे, दोन्ही एकदम खरं आहे. असा प्रश्न वर्गात निघाला याचाच मला फार आनंद झाला.

आधी हिशोब मांडू. 84 ग्रॅम सोडा आणि 60 ग्रॅम ॲसेटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल), झाले 144. त्यातून निघतं 82 ग्रॅम सोडियम ॲसिटेट, 18 ग्रॅम पाणी आणि 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, परत 144च. तुमचा 7 ग्रॅम सोडा म्हणजे 84चा बरोब्बर बारावा भाग, आणि व्हिनेगर 5 टक्क्यांचं असेल तर 100 ग्रॅममध्ये ॲसिड 5 ग्रॅम, तोही 60चा बारावा भाग, म्हणजे दोन्ही पुरेपूर वापरले गेले आणि गॅस तयार झाला साधारण 3.67 ग्रॅम, जो नेहमीच्या तापमानाला जवळजवळ 2 लिटर जागा घेतो.

आता हा 2 लिटरचा फुगा जिथे फुगला तिथे आधी हवा होती ना, ती बाजूला सरकली, आणि बाजूला सरकलेल्या हवेच्या वजनाइतकं बल फुग्याला वर उचलतं, पाण्यात उचलतं तसंच. हवा लिटरला साधारण 1.2 ग्रॅम भरते, म्हणजे 2 लिटरची 2.4 ग्रॅम. थोडा गॅस व्हिनेगरमध्येच विरघळून राहतो, रबराच्या ताणाने थोडा दाबलाही जातो, म्हणून आकडा 2.4च्या जरा खाली येतो. तुमच्या काट्याने नेमकं तेच दाखवलं. वस्तुमान एक कणभर हललं नाही, काट्यावर पडणारा भार तेवढा कमी झाला. पडताळायचं असेल तर फुगा सैल करून गॅस सोडून द्या, उचलणारं बल गेलं तरी वजन अजून खाली येईल, कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड आणि आता तो खरोखरच निघून गेलाय.

म्हणून या प्रयोगाला फुगा नको, आकार न बदलणारं भांडं हवं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हॉझिए यांनी 1774 मध्ये कथिल काचेच्या बंद पात्रात तापवलं तेव्हा एकूण वजन होतं तेवढंच राहिलं, आणि पात्र उघडल्यावर बाहेरची हवा आत घुसली तेव्हा कुठे ते वाढलं. तुम्ही 1 लिटरची कोल्ड्रिंकची प्लास्टिक बाटली घ्या, 30 मिली व्हिनेगर घाला, 1 ग्रॅम सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत टाकून झाकण लगेच घट्ट लावा. गॅस अर्धा ग्रॅमच होईल, बाटली हाताला कडक लागेल आणि वजन जवळपास जागचं हलणार नाही. अर्थात पुडीही आधीच्या वजनात धरायची. काचेची बाटली मात्र अजिबात नको आणि 7 ग्रॅम सोडा तर बंद बाटलीत मुळीच नको, दाब फार वाढतो.

प्रश्न: 10 ग्रॅम हायड्रोजन आणि 64 ग्रॅम ऑक्सिजन यांची अभिक्रिया झाली तर पाणी 74 ग्रॅम मिळेल ना? क्लासमध्ये उत्तर 72 दिलंय.

उत्तर: 72च बरोबर. 4 ग्रॅम हायड्रोजनला 32 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, तेव्हा 64 ग्रॅमला 8 पुरतो, उरलेला 2 ग्रॅम हायड्रोजन तसाच पडून राहतो. 72 आणि 2 मिळून 74 झालेच की! नियम एकूण वस्तुमानाचा आहे, जे जे घेतलं ते सगळं पाणीच झालं पाहिजे असं तो कुठेच म्हणत नाही. गणितात आधी कोण पहिलं संपतंय ते शोधायची सवय लावून घे.

प्रश्न: आइन्स्टाइननंतर हा नियम चुकीचा ठरला असं ऐकलं, मग शाळेत अजून का शिकवतात?

उत्तर: आइन्स्टाइनच्या E = mc² या सूत्राप्रमाणे उष्णता बाहेर पडली की वस्तुमान खरंच किंचित घटतं. पण किती ते बघा. 16 ग्रॅम मिथेन 64 ग्रॅम ऑक्सिजनमध्ये पूर्ण जळला तर साधारण 890 किलोज्यूल उष्णता निघते, तिला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने भागलं की घट येते सुमारे 10 नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा 10 कोटीवा भाग, तोही 80 ग्रॅममध्ये. रसायनाच्या कुठल्याही नेहमीच्या काट्याला हे कळणारच नाही, म्हणून अभिक्रियांच्या हिशोबात नियम बिनधास्त वापरायचा. अणुभट्टीतल्या हिशोबात मात्र ही घट धरावीच लागते.