मुलगी गाईडमध्ये जाते आहे, आई-बाबांनी मदत कशी करायची?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे की मुलगी पाचवीत गेली, शाळेच्या गाईड पथकात (मुलींच्या स्काऊटमध्ये) नाव घातलं, पण ती बुजरी आहे. घरी दोघंही नोकरीला जाणारे. तिला मदत कशी करायची आणि मुक्कामाच्या शिबिराला पाठवायचं का?

ताई, मी कळव्याला राहते. माझी लेक पाचवीतच गाईडमध्ये गेली, आता नववीत आहे. पहिल्या वर्षी मी मदत म्हणून खूप काही केलं, आणि त्यातलं बरंचसं तिच्या हातातलं काम काढून घेणं होतं, हे मला उशिरा कळलं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुमच्याकडे वर्षभरात कधीतरी ‘खरी कमाई’ची सूचना येईल. मुलांनी स्वतः कष्ट करून थोडे पैसे मिळवायचे, असा हा उपक्रम. प्रत्यक्षात बऱ्याच घरी आई भेळेचं सामान आणते, बाबा स्टॉल लावतात आणि मूल गल्ल्यावर बसतं. आम्हीही पहिल्या वर्षी तेच केलं. दुसऱ्या वर्षी लेक म्हणाली, मी बिल्डिंगमध्ये कामं मागते. ती विचारायला जायच्या आदल्या दिवशी मी चार घरी जाऊन आले. म्हटलं, ‘काम करू द्या, मगच पैसे द्या, आणि नीट झालं नाही तर तिला तोंडावर सांगा.’ कारण आपल्याकडे लोक प्रेमाने म्हणतात, ‘अगं बाळ, हे घे पन्नास रुपये, काम राहू दे.’ तिथे सगळाच हेतू संपतो.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तिला समई घासायला दिली. चिंच लावून लेकीने अर्धा तास घासली आणि चकचकीत झाली म्हणून परत दिली. काकूंनी समई उजेडात धरली, खालच्या नक्षीत अडकलेला हिरवा कळंक बोटाने दाखवला आणि म्हणाल्या, ‘हे राहिलंय.’ मुलीचे डोळे भरून आले. मी दारातच होते, पण बोलले नाही. तिने जुना टूथब्रश मागून घेतला, पुन्हा वीस मिनिटं घासलं, आणि मग काकूंनी वीस रुपये हातावर ठेवले. त्या वीस रुपयांची नोट तिने कितीतरी दिवस मोडली नव्हती. आधी चार घरी बोलून ठेवणं आणि नंतर दारात गप्प उभं राहणं, एवढंच माझं काम होतं. दोघं नोकरी करत असलात तरी एवढं जमतं.

बुजरेपणाची फार चिंता करू नका. गाईडमध्ये सहा ते आठ मुलींचा एक संघ असतो, त्यांची एक संघनायिका असते. साठ मुलींच्या वर्गात न बोलणारी मुलगी सहाजणींत बोलायला लागते, कारण तिथे तिच्यावाचून काहीतरी अडतं. कुणी पाणी भरायचं, कुणी चूल लावायची, कुणी हजेरी घ्यायची. तुम्ही एवढंच करा की तिची बैठक चुकू देऊ नका. शनिवारी लग्न, रविवारी बारसं असं करत चार बैठका गेल्या की ती संघात पाहुणी होते, आणि बुजऱ्या मुलीला पुन्हा आत शिरणं जड जातं.

घरातल्या मोठ्यांनाही विश्वासात घ्या. आमच्याकडे लेकीने पहिल्याच आठवड्यात आजीपुढे डावा हात धरला, आणि सासूबाई रागावल्या. डाव्या हाताने का कुणाला हात द्यायचा? स्काऊट-गाईडमध्ये जगभर डाव्याच हाताने हस्तांदोलन करतात. त्यामागे एक गोष्ट सांगतात: योद्धा डाव्या हातात ढाल धरतो, ती खाली ठेवून तोच हात पुढे करणं म्हणजे समोरच्यावर विश्वास टाकणं. लेकीने ती गोष्ट आजीला सांगितली, तेव्हापासून आजी रोज संध्याकाळी डावा हात पुढे करते. ‘हे स्काऊट वगैरे मुलांचं असतं’ असं कुणी म्हणालं तर सांगा, 1909 साली लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या स्काऊट मेळाव्यात मुली न बोलावता आल्या होत्या आणि आम्हालाही यात घ्या म्हणाल्या होत्या. पुढच्याच वर्षी स्काऊट सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांची बहीण ॲग्नेस हिच्या पुढाकाराने गाईडची सुरुवात झाली. आपल्याकडे पहिलं गाईड पथक 1911 मध्ये जबलपूरला निघालं.

आता शिबिर. पाठवा, पण आधी विचारा. रात्री मुक्कामाला गाईड कॅप्टन, म्हणजे पथक चालवणाऱ्या बाई, आणि आणखी किती बाई राहणार? स्वच्छतागृह झोपायच्या जागेपासून किती लांब, दाराला आतून कडी आहे का? जवळचा दवाखाना कुठला? मुलीचं औषध कुणाकडे द्यायचं? मुलीला घरी बोलावंसं वाटलं तर फोन कोण लावून देणार? असं विचारलं की काही जणांना राग येतो, येऊ द्या. एका वर्षी मला सगळ्या प्रश्नांना ‘काळजी करू नका’ एवढंच उत्तर मिळालं, आणि त्या वर्षी मी लेकीला पाठवलं नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तरीही तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. ज्या बाई नीट जबाबदारी घेतात त्या न विचारताच हे सगळं संमतीपत्रासोबत सांगतात. आणखी एक, पाळी सुरू झाली नसली तरी पिशवीत पॅड ठेवा आणि कसं वापरायचं ते घरीच दाखवा.

पिशवी तिची तिला भरू द्या. पहिल्या शिबिराला मी फार सुबक भरून दिली होती, कपड्यांच्या गुंडाळ्या, सगळं खणाखणात. पहिल्याच संध्याकाळी अंधार पडला आणि तिला टॉर्च सापडेना. सगळं सामान जमिनीवर काढलं, संघातल्या मुली तिची वाट बघत उभ्या. ती परत आल्यावर हे रडत सांगत होती. आता आमच्याकडे यादी मी वाचते आणि वस्तू ती भरते. मग घरातले दिवे घालवायचे आणि तिने अंधारात टॉर्च काढून दाखवायची. सापडली की पिशवी बंद.

रोजच्या दिवसांत मात्र तिला तुमची गुरू होऊ द्या. ती रीफ नॉट नावाची दोरीची गाठ शिकून येईल. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दुसऱ्यांदा चुकून पुन्हा उजवंच डाव्यावर गेलं तर गाठ वाकडी बसते आणि ताण आला की सरकते. बरोबर बांधली तर चपटी बसते, टोचत नाही, म्हणूनच ती बँडेज बांधायला वापरतात. आपण मुद्दाम चुकीची बांधायची आणि तिला चूक शोधायला लावायची. गळ्यातला स्कार्फ उघडून तुमच्या हाताला झोळी बांधायला सांगा. दिशा शिकायला तर ऐरोलीसारखी जागा नाही. एका बाजूला खाडी म्हणजे पश्चिम, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर म्हणजे पूर्व. गच्चीवर जाऊन तिला उत्तर कुठे ते विचारा, मग होकायंत्राने ताडून बघा. बिनभांड्याचा स्वयंपाक शिकून आली की निखाऱ्यात भाजलेला बटाटा आणेल, बाहेरून काळा आणि आत कच्चा. तेवढा खा.

शिबिरातून परत आल्यावर लगेच प्रश्नांचा भडिमार करू नका. कपड्यांना धुराचा वास असेल, ती जेवून झोपेल. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना आपणहून बोलते.

आमच्याकडे सुरुवातीच्या महिन्यात रोज एक सत्कृत्य करून वहीत लिहायचं होतं. तुमच्याकडेही ती वही आली तर संध्याकाळी ‘आज काय लिहिलंस’ एवढंच विचारा, सुचवायला जाऊ नका. आणि पहिल्या बैठकीला जाताना दोन मीटर सुती दोरी द्या. नायलॉनची गुळगुळीत असते, नवशिक्या हातात तिची गाठ टिकत नाही.