कंपन्यांच्या अहवालातले 'हेडविंड्स', 'सिनर्जी' असले शब्द गुंतवणूकदार कसे वाचतात?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पहिल्यांदाच शेअर घेतले, कंपनीचा वार्षिक अहवाल हौसेनं उघडला आणि 'हेडविंड्स', 'सिनर्जी', 'इन्व्हेंटरी रॅशनलायझेशन', 'ट्रान्सफॉर्मेशन' या गर्दीत काहीच हाती लागलं नाही. जुने गुंतवणूकदार हे शब्द कसे वाचतात, की सरळ सोडून देतात?

मी तरी सोडत नाही. पण शब्दाचा अर्थ शोधत बसत नाही. हा शब्द अहवालात आला तेव्हा कोणता आकडा तिथून उठून गेला, ते बघतो.

ही सवय जिनिंगमधली आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यातली. यवतमाळ जिल्ह्यात, वणीकडं, एका जिनिंगवर मी एकोणीस वर्षं मुनीम होतो. कास्तकाराची गाडी काट्यावर लागली की खरेदीचा माणूस कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर काढून दाबायचा आणि म्हणायचा, "भाऊ, माल हवेचा हाये." हवा म्हणजे ओलावा. 'तुले भाव कमी देतो' असं त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. हवेचा आहे, एवढंच. पुढचं कास्तकारानं समजून घ्यायचं. मग ओलावा मोजायचं मशीन आलं. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढं १२ टक्क्यांपर्यंत कटती, त्याच्यावर माल परत. 'हवा' शब्द राहिलाच, पण त्याला आकडा चिकटला, आणि आकडा चिकटल्यावर कास्तकार भांडायला लागला. "पुन्हा लाव मशीन, बुडातला माल पाय."

आता 'हेडविंड्स' घ्या. समोरून येणारा वारा. नफा झाला की अहवालातल्या वाक्यात माणूस असतो: आम्ही बाजारातला हिस्सा वाढवला, आम्ही खर्च आटोक्यात ठेवला. तोटा झाला की माणूस गायब होतो आणि वारा येतो, मागणीत नरमाई येते, वातावरण आव्हानात्मक होतं. आम्हीही यात मागं नाही. सोयाबीन एकरी दहा क्विंटल झालं तर 'आपण फवारणी वेळेवर केली', तीन झालं तर पाऊस. फरक इतकाच की कास्तकाराचं पावसाबद्दलचं गाऱ्हाणं बहुतेक वेळा खरं निघतं. कंपनीचं खरं की खोटं हे तपासायला मात्र सोपं आहे. त्याच धंद्यातल्या दुसऱ्या दोन कंपन्यांचे त्याच तिमाहीचे निकाल काढा. वारा असेल तर तो तिघींनाही लागलेला दिसेल. एकटीच्याच घरावरचे टिन उडाले असतील तर टिन ठोकणाऱ्याला विचारायचं.

हे मी आज शहाण्यासारखं सांगतोय, पण शिकलो पैसे घालवून. ती गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या यादीतल्या 'इन्व्हेंटरी रॅशनलायझेशन'शी माझी ओळख तिथंच झाली.

२०२२ च्या शेवटी मी एका कीटकनाशक कंपनीचे शेअर घेतले. नाव सांगत नाही. त्यांच्या सादरीकरणात 'स्ट्राँग प्लेसमेंट' हा शब्द दर दोन पानांआड होता. शेतीऔषधं आणि बियाण्यांच्या धंद्यात दोन शब्द कायम ऐकू येतात. प्लेसमेंट म्हणजे कंपनीनं माल कृषी केंद्राच्या गोदामात उतरवणं. लिक्विडेशन म्हणजे तिथून तो कास्तकारानं उचलून वावरात नेणं. (बँकेत लिक्विडेशन म्हटलं की कंपनी बुडाली, कृषी केंद्रात तोच शब्द आनंदाचा. दोन्हीकडं एकाच दिवशी गेलात तर घोटाळा होईल.) कंपनी साधारणपणे विक्री लिहिते ती प्लेसमेंटच्या वेळी, परत येईल असा अंदाज असलेला माल वजा करून. हा अंदाज कंपनीच करते.

गावातल्या कृषी केंद्रात मी रोज संध्याकाळी पेपर वाचायला बसतो. पुढच्या एप्रिलमध्ये माझ्या खुर्चीमागं त्याच कंपनीची खोकी छतापर्यंत लागलेली होती. दुकानदार म्हणाला, "काका, मार्च एंडले टार्गेटसाठी ठेवून गेले. बिल मार्चचं, पैसे सप्टेंबरात द्या म्हने. पण माल उठून नाही राहिला." मी "हो का" म्हणालो. मेमध्ये त्याच खोक्यांना टेकून मोबाइलवर कंपनीचा चांगला निकाल वाचला आणि आणखी शेअर घेतले. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पुढच्या तिमाहीत 'हेडविंड्स' आले. ते खोटे नव्हते. २०२३ मध्ये जगभर या धंद्यात साठे फुगले होते, चीनमधून येणाऱ्या मालाचे भाव कोसळले होते आणि मार सगळ्यांनाच बसला. पण माझ्या कंपनीची उधारी त्याआधीच फुगायला लागली होती. हे कळायला फार अक्कल लागत नाही. ताळेबंदातली येणे बाकी भागिले वर्षाची विक्री, गुणिले ३६५. विक्री १,००० कोटी आणि येणे २५० कोटी असेल तर पैसे यायला सरासरी ९१ दिवस लागतात. फक्त शेतीच्या धंद्यात मार्चची तुलना मार्चशी आणि सप्टेंबरची सप्टेंबरशी करायची. पेरणीच्या तोंडावरची उधारी आणि कापूस घरात आल्यावरची उधारी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधीच्या सादरीकरणांत या दिवसांचं एक वेगळं पान असायचं. ज्या तिमाहीत 'इन्व्हेंटरी रॅशनलायझेशन' हा शब्द पहिल्यांदा आला, त्याच तिमाहीत ते पान गेलं. त्याच्या जागी हसणाऱ्या कास्तकाराचा फोटो होता. दिवाळीच्या आसपास माझ्या खुर्चीमागची खोकी टेम्पोत भरून परत गेली. साठा कमी करणं, म्हणजे इन्व्हेंटरी रॅशनलायझेशन, ते हेच. माझे साठ हजार गेले, आणि घरी काय ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

'सिनर्जी'बद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुसरी कंपनी महागात घेतली की हा शब्द येतो: दोन्ही एकत्र आल्या की खर्च वाचेल, असा त्याचा अर्थ. किती कोटी वाचणार आणि कोणत्या वर्षापर्यंत, असं लिहिलं असेल तर ते वहीत लिहून ठेवा आणि त्या वर्षी उघडून बघा. लिहिलं नसेल तर पान उलटा.

'ॲडजस्टेड एबिटडा' मात्र थांबून वाचा. एबिटडा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीची कमाई. कर्ज वेगवेगळं असलेल्या दोन कारखान्यांची तुलना करायला ती कामाची आहे, नाही असं नाही. पण जिनिंगचे रोलर झिजतात, ते बदलावे लागतात आणि त्याचे पैसे खरेखुरे जातात. आमचे शेठ मुडमध्ये असले की म्हणत, "व्याज सोडा, रोलर सोडा, लाइटबिल सोडा, धंदा फायद्यातच आहे." ते गमतीत म्हणत. कार्यालयाच्या जागा भाड्यानं देणाऱ्या अमेरिकेतल्या वीवर्क कंपनीनं २०१८ मध्ये कर्जरोखे विकताना हे गंभीरपणे छापलं. 'कम्युनिटी ॲडजस्टेड एबिटडा' नावाच्या त्या आकड्यात जाहिरातीचा आणि कार्यालयीन कारभाराचा खर्चही बाजूला काढला होता. २०१९ मध्ये त्यांना शेअरविक्री मागं घ्यावी लागली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून 'ॲडजस्टेड' दिसलं की काय काय वगळलं त्याची यादी काढायची. 'एकवेळचा खर्च' म्हणून वगळलेली गोष्ट तीन वर्षं लागोपाठ दिसत असेल तर ती एकवेळची नाही, वार्षिक आहे.

लोक शब्दालाच भाव देतात हेही खरं आहे. इंटरनेट कंपन्यांच्या शेअरची जी डॉटकॉमची लाट आली, तीत नावामागं 'डॉटकॉम' लावणाऱ्या अमेरिकी कंपन्यांवर २००१ मध्ये एक अभ्यास छापून आला. घोषणेच्या आसपासच्या दहा दिवसांत त्यांचे शेअर बाजारापेक्षा सरासरी ७४ टक्के जास्त चढले होते, आणि कंपनीचा इंटरनेटशी संबंध किती, यानं त्यात फारसा फरक पडला नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये थंडगार चहा विकणाऱ्या लाँग आयलंड आइस्ड टी कंपनीनं नाव बदलून लाँग ब्लॉकचेन केलं. त्या दिवशी शेअर जवळजवळ तिप्पट झाला. पुढच्या वर्षी नॅसडॅक या तिथल्या शेअर बाजारानं तिला यादीतून काढलं. आपल्याकडं यावर लगाम आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार नवा धंदा दाखवणारं नाव घ्यायचं तर आधीच्या वर्षातलं निदान ५० टक्के उत्पन्न त्या धंद्यातून आलेलं हवं, किंवा तितक्या प्रमाणात मालमत्ता त्यात गुंतवलेली हवी. हा नियम नावापुरता आहे. अहवालाच्या आत 'एआय' किती वेळा लिहायचं यावर बंधन नाही.

मोठे फंड हे शब्द माणसाकडून नाही, संगणकाकडून मोजून घेतात. २०११ मध्ये लाफ्रन आणि मॅकडोनाल्ड या दोन प्राध्यापकांनी दाखवलं की साध्या शब्दकोशात 'वाईट' ठरलेले जवळपास तीन चतुर्थांश शब्द हिशेबाच्या भाषेत वाईट नसतातच. टॅक्स, कॉस्ट, लायबिलिटी हे रोजचेच शब्द. आमच्याकडं जूनमध्ये 'कर्ज' म्हटलं तर पीककर्ज, त्यात कोणी दचकत नाही. त्यांनी पैशाच्या व्यवहारासाठी वेगळी यादी केली, आणि पुढं दुसऱ्या संशोधकांना असं आढळलं की ज्या कंपन्यांचे अहवाल मशीन जास्त वाचतात, त्या कंपन्या नेमके त्या यादीतले शब्द टाळायला लागल्या. म्हणजे मशीन आलं तसा माल वाळवून आणायला लागले. ते तर कास्तकारही करतो, पण त्याचा कापूस खरंच वाळलेला असतो.

मला सर्वांत उपयोगी वाटलेला अभ्यास आणखी साधा आहे. अमेरिकी कंपन्यांचे १९९५ ते २०१४ पर्यंतचे अहवाल आदल्या वर्षीच्या अहवालाशी ताडून पाहिले. ज्यांनी मजकूर फारसा बदलला नाही त्यांच्यापेक्षा ज्यांनी बराच बदलला, त्यांचे शेअर पुढच्या महिन्यांत मागं पडले. बदल उघड छापलेला होता. कोणी जुना कागद काढून शेजारी ठेवला नव्हता, एवढंच.

तेव्हा तुम्हीही हेच करा. मागच्या वर्षीचा अहवाल आणि या वर्षीचा, दोन्ही शेजारी ठेवा. 'मॅनेजमेंट डिस्कशन'चा भाग, म्हणजे धंदा कसा चालला ते व्यवस्थापन स्वतः सांगतं तो, ओळीओळीनं ताडा. काय वाढलं ते चटकन दिसतं. काय गेलं त्यावर पेन्सिलीनं खूण करा. मग निकालानंतर कंपनी गुंतवणूकदारांशी फोनवर बोलते त्या कॉन्फरन्स कॉलचा लेखी मजकूर शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून उतरवा, तो पाच कामकाजाच्या दिवसांत टाकणं बंधनकारक आहे. त्यातलं सुरुवातीचं भाषण सोडा, प्रश्नोत्तरं वाचा. 'किती?' असं विचारल्यावर समोरून आकडा येतो की विशेषण, ते बघा. आणि लेखापरीक्षकाचं पत्र सोडू नका. तिथले शब्द रुक्ष असतात, पण 'क्वालिफाइड ओपिनियन' (हिशेबातली एखादी गोष्ट पटली नाही), 'एम्फसिस ऑफ मॅटर' (या मुद्द्याकडं लक्ष द्या), 'गोइंग कन्सर्न' (कंपनी पुढं चालेल का याची शंका) हे शब्द तिथं कोणी शोभेसाठी लिहीत नाही. खाली सही असते आणि सही करणाऱ्याला जाब द्यावा लागतो.

एक उलटी बाजूही बघा. गुजरातीमिश्रित इंग्रजीत अडखळत बोलणारे, एकही भारी शब्द न वापरणारे एक मालक मी एका कॉलवर ऐकले होते. "यंदा माल खपला नाही, आम्ही जास्त बनवला, चूक झाली." शेअर त्या दिवशी आठ टक्के पडला. मी दुसऱ्या दिवशी थोडे घेतले, अजून आहेत.

तुमच्या प्रश्नातला 'ट्रान्सफॉर्मेशन' नेमका कोणत्या पानावर आहे, ते कळलं तर बरं होईल. कंपनीचं नाव नको. मागच्या तीन मार्चची विक्री आणि येणे बाकी, एवढे सहा आकडे खाली लिहा, बघून सांगतो. सध्या कापूस वेचणी चालू आहे, दोन दिवस उशीर होईल.