जुना लष्करी गणवेश विकत घेण्याआधी तो अस्सल आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: 'व्हिएतनाम काळातलं, १९६९ चं' म्हणून विकायला ठेवलेलं अमेरिकी एम-६५ जॅकेट खरंच तेव्हाचं आहे का, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या गणवेशालाही हेच निकष लावता येतात का. मी कुठलाही गणवेश आधी उलटा करून बघतो. बिल्ले, नावाची पट्टी, डाग हे सगळ्यात शेवटी. नक्कल करणाऱ्याची सगळी मेहनत दर्शनी बाजूवर असते. आतल्या शिवणीवर कोणी फारसे पैसे घालवत नाही.

एम-६५ मध्ये सुरुवात लेबलापासून करा. त्यावर कंत्राटाचा क्रमांक असतो. १९६९ चा दावा असेल तर तो 'डीएसए १००-६९-सी' असा सुरू व्हायला हवा. त्यातलं डीएसए म्हणजे अमेरिकी लष्करासाठी खरेदी करणारं खातं, आणि ६९ हे अमेरिकी सरकारचं आर्थिक वर्ष, म्हणजे तेव्हाच्या पद्धतीने जुलै १९६८ ते जून १९६९. या खात्याचं नाव जानेवारी १९७७ मध्ये बदललं आणि तिथून पुढे लेबलावर 'डीएलए' आलं. दुसरी खूण लेबलावरच्या साठा क्रमांकाची, म्हणजे लष्कर प्रत्येक प्रकारच्या वस्तूला देतं त्या क्रमांकाची. १९७४ पर्यंत तो ११ अंकी होता, नंतर मध्ये दोन अंक (अमेरिकेसाठी बहुतेक ००) घुसून १३ अंकी झाला. म्हणून 'डीएसए १००-६९' आणि १३ अंकी क्रमांक एकाच लेबलावर दिसले तर ते लेबल बनावट समजा. कंत्राट क्रमांकच नसेल तर बहुधा ते बाजारात विकायला शिवलेलं जॅकेट आहे. ते वाईट नसतं, पण लष्करी नसतं.

अर्थात लेबल दुसऱ्या जॅकेटातून उसवून लावता येतं. त्यामुळे लेबल आणि कापड एकाच वयाचे वाटतात का ते बघा. कापड विटलेलं, कॉलर झिजलेली आणि लेबलाची शाई मात्र कोरी करकरीत, असं असेल तर थांबा. लेबलाच्या कडेला रिकामी सुईची भोकं किंवा वेगळ्या रंगाचा दोरा दिसला तरीही.

आता खरी परीक्षा: शिवणीतली माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. ऊन आणि धुणं कापडाची बाहेरची बाजू विटवतात, दुमडीत दडलेली माया त्या मानाने गडद राहते. कपडा चहा-कॉफीत बुडवून 'जुना' केला असेल तर रंग मायेतही सारखाच मुरलेला दिसतो. झिजेचंही तसंच. खरी झीज कॉलरच्या दुमडीवर, कफच्या कडेला, खिशाच्या झाकणाच्या टोकांवर आणि काजांच्या कडांना दिसते. पॉलिश पेपरने घासलेला कपडा सपाट, सहज हात पोचतो अशा जागी झिजलेला असतो.

लोकरी गणवेशात कसर बघायला विसरू नका. कसरीच्या अळ्या लोकर खातात, सुती दोरा सहसा सोडतात. म्हणून खऱ्या कसरीच्या भोकावरून शिवणीचे सुती टाके तसेच पुलासारखे लोंबताना दिसतात. कापड आणि टाके एकदमच कापले गेले असतील तर ते काम कात्रीचं.

अतिनील टॉर्च घ्याच, पण ३६५ नॅनोमीटरची. ३९५ च्या स्वस्त टॉर्चचा स्वतःचा जांभळा उजेड इतका असतो की काही कळत नाही. कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून घातली जाणारी चमकद्रव्यं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाली, त्यामुळे १९४३ च्या कोटाचा दोरा अंधारात निळा-पांढरा उजळला तर शंका घ्यावी. पण घाई नको: आजच्या डिटर्जंटमध्येही हीच द्रव्यं असतात, आणि एकदा धुतलेला अस्सल सुती कपडाही सगळीकडून उजळतो. फक्त बिल्ल्याभोवतीचा दोरा उजळत असेल तर मात्र बिल्ला नंतर शिवलेला आहे. बिल्ल्याखालचं कापडही डोकावून बघा. तिथे ते कमी विटलेलं हवं.

दोऱ्याचा सुटा तुकडा मिळाला तर जाळून बघा. सुती दोरा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. त्याचा शोध १९४१ चा आणि तो बाजारात आला पुढच्या दशकात, म्हणजे युद्धकाळातल्या मूळ शिवणीत त्याला जागाच नाही. एम-६५ चं बाहेरचं कापड मात्र सूत-नायलॉन मिश्रणाचं असतं, ते थोडं वितळणारच. त्यावरून जॅकेट खोटं ठरवू नका.

इतर गोष्टी थोडक्यात. वेल्क्रो पन्नाशीच्या दशकातलं: एम-६५ च्या कफवर ते असायलाच हवं, युद्धकाळातल्या कोटावर नको. १९६९ च्या जॅकेटला झिप धातूची. प्लास्टिकच्या दातांची असेल तर बदललेली किंवा जॅकेटच नंतरचं. आत ओव्हरलॉक (कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून घातलेली यंत्राची शिवण) दिसला म्हणून कपडा नवा ठरत नाही, ते यंत्र १८८० च्या दशकातलं आहे. कॉलर चिमटीत धरून चोळा: जुन्या लोकरी कोटात कॅनव्हास शिवलेला असतो आणि थर एकमेकांवर सरकतात, इस्त्रीने चिकटवलेलं अस्तर युद्धानंतरचं.

ब्रिटिश कोटाच्या बटणांवरचा मुकुट बघा. राणी एलिझाबेथच्या काळातला, दोन्ही बाजूंनी मध्यभागी खाली दबलेल्या कमानींचा मुकुट १९४४ च्या कोटावर शोभत नाही. पण बटणं बदलली जातात, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नये. युद्धानंतर डेन्मार्क, नॉर्वे, नेदरलँड्स, बेल्जियम यांनीही ब्रिटिश बॅटलड्रेसच्या (आखूड लोकरी कोटाचा युद्धकाळातला गणवेश) धर्तीचे गणवेश वापरले आणि ते आज सर्रास 'ब्रिटिश' म्हणून विकले जातात. कपडा जुना असतो, खराही असतो, फक्त सांगितलेल्या देशाचा नसतो.

जर्मन कोटाच्या आत बहुधा पाच आकड्यांचा शिक्का असतो: पाठ, गळा, छाती, एकूण लांबी, बाही, सगळं सेंटिमीटरमध्ये. टेप लावून गळा, बाही आणि लांबी मोजा. दोन-चार सेंटिमीटरचा फरक चालेल, दहाचा नाही.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून हे फोटो दिवसाच्या उजेडात मागवा: लेबल जवळून, कॉलरची आतली बाजू, काखेतली शिवण उलटी करून, झिपचा ओढा आणि पट्टी, बटणाची मागची बाजू, बिल्ल्याच्या मागचे टाके. काखेचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिथला घाम आणि झीज सोंग आणून जमत नाही. तेवढाच फोटो 'नंतर पाठवतो' म्हणून राहिला, तर परत करण्याची अट लेखी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.