बँडवाल्यांचे प्रश्न: १५ ऑगस्टचा ड्रम, २६ जानेवारीचा बिगूल

शाळेच्या बँड पथकात पूर्वी वाजवलेल्या वाचकांना मागच्या अंकात आवाहन केलं होतं: स्पर्धेत किंवा संचलनात जे बिघडलं आणि का बिघडलं ते तेव्हा कळलंच नाही, ते लिहून पाठवा. सर्वांत जास्त पत्रं ड्रमच्या पानाबद्दल, म्हणजे ज्यावर काडी पडते त्या ताणलेल्या पडद्याबद्दल आली, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न: १९७०च्या आसपास आमच्या शाळेत दोरीचे, चामड्याच्या पानाचे साईड ड्रम होते. १५ ऑगस्टला त्यांचा आवाज हमखास बसायचा. डफासारखे शेकले तर दोन फाटले. उन्हाळ्याच्या सुट्या संपवून कपाट उघडलं की एखादं पान आपोआप फाटलेलं सापडायचं. दोष कुणाचा?
*माजी विद्यार्थी, दारव्हा तालुका*

उत्तर: हवेचा, आणि थोडा शेकोटीचा. चामडं ओल धरतं आणि सैल पडतं, कोरडं झालं की आक्रसतं. डफाचं पान कड्याला पक्कं बसवलेलं असतं, ताण द्यायला दुसरी सोय नसते, म्हणून ते शेकावं लागतं. दोरीच्या ड्रमला ताण देण्यासाठी दोरीवर सरकणाऱ्या चामडी पट्ट्या असतात. तुमच्याकडे बहुधा आधी पट्ट्या ओढून दोरी कडक केली असेल आणि मग ड्रम विस्तवाजवळ धरला असेल. दोरी ढिली होत नाही, पान मात्र आक्रसत जातं. मग ते कडेला जिथं वळतं तिथंच फाटतं.

पावसाळ्यातली पद्धत अशी. कार्यक्रमाच्या तासभर आधी पान कोरड्या फडक्यानं पुसा. पट्ट्या समोरासमोरच्या जोडीनं, एका वेळी बोटभरच सरकवा. एक फेरी झाली की पाच-दहा मिनिटं थांबा, पान स्थिरावू द्या, मग दुसरी फेरी. अंगठ्यानं मधोमध दाबल्यावर पान जेमतेम दबलं म्हणजे पुरे. खालच्या पानावरच्या तारा सगळ्यात शेवटी जुळवा. जास्त आवळल्या तर ड्रम घुसमटतो, सैल राहिल्या तर नुसता खरखरतो. पुष्कळ पोरं पान सैल असताना ताराच आवळत बसतात, त्यानं काहीच साधत नाही.

कार्यक्रम संपला की पट्ट्या निम्म्या मागे घ्या. पूर्ण सैल सोडू नका, पानाला कडेशी आलेला आकार जातो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि हवेत ओल उरत नाही. जानेवारीच्या ताणातच टिनाच्या छपराखाली ठेवलेला ड्रम तेव्हा फाटणारच. २६ जानेवारीचा कार्यक्रम झाला की त्याच आठवड्यात ताण उतरवा.

प्लॅस्टिकच्या पानांना ओलीची बाधा नाही. तिथं चूक वेगळी होते: बोल्ट एकामागोमाग एक गोल फिरत आवळले जातात आणि पान एका बाजूला ओढलं जातं. समोरासमोरचे बोल्ट घ्या, एका वेळी किल्लीचा पाव फेरा. बोल्टच्या ड्रमवर खालचं पान वेगळं ताणता येत असेल, तर ते वरच्यापेक्षा थोडं कडक ठेवा.

प्रश्न: जिल्ह्याच्या स्पर्धेत सकाळी आमचे आठही बिगूल एका सुरात, आणि दुपारच्या फेरीत दोन चढलेले. वाजवणारी पोरं तीच होती. सरांनी त्या दोघांना ओळीतून काढलं.
*दर्यापूर*

उत्तर: ते दोन बिगूल उन्हात पडले होते का, हे आधी पाहायला हवं होतं. हवा तापली की तिच्यात आवाज जास्त वेगानं जातो आणि नळीचा सूर चढतो. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचे १०० भाग धरले, तर दर अंशाला सुमारे ३ भाग. जानेवारीत सकाळी १२ आणि दुपारी ३० अंश ही विदर्भातली नेहमीची गोष्ट, म्हणजे हिशेबानं अर्ध्या पट्टीचा फरक. फुंकेनं आतली हवा कोमट राहते, त्यामुळे प्रत्यक्षात तो कमी भरतो. पण सहा बिगूल सावलीत आणि दोन उन्हात असले तर कानाला टोचतोच.

सगळे बिगूल एकाच सावलीत ठेवा. फेरीच्या आधी दोन मिनिटं आवाज न काढता नुसता श्वास आत सोडून ते कोमट करा. तरीही एखादा चढला तर त्याचं माऊथपीस थोडं बाहेर ओढा. नळी साधारण १३७ सेंटीमीटर असते, त्यामुळे १ सेंटीमीटरला सूर त्या १०० भागांपैकी १२ भाग उतरतो. त्याहून जास्त ओढलं तर माऊथपीस डगमगतं आणि सुरांची आपसातली अंतरंही बिघडतात. उतरलेल्या बिगुलाला मात्र आत ढकलायला जागा नसते, म्हणून सर्वांत उतरलेला बिगूल धरूनच बाकीचे जुळवायचे.

प्रश्न: मैदानावर आमच्या शेवटच्या रांगांचा पाय नेहमी चुकायचा. मागची पोरं शपथेवर सांगायची की आम्ही ढोलावरच पाय टाकतो. खरं कोण?
*आर्वी*

उत्तर: मागची पोरं खरं बोलत होती, आणि चुकत होती ती त्यामुळेच. मिनिटाला १२० पावलं म्हणजे एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं. ढोलाचा ठोका ५० मीटर मागे पोचायला सुमारे ०.१५ सेकंद लागतात, म्हणजे पावलाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ठोका ऐकून पाय टाकला की तो तेवढा मागे पडणारच. त्यात मैदानाच्या दोन टोकांना भोंगे लावले की एकाच ठोक्याचे दोन ऐकू येतात आणि मधल्या रांगाही बिघडतात.

बँड तुकड्यांच्या मधोमध चालवा, अंतर निम्मं होतं. मागच्यांना कानावर नाही, डोळ्यावर चालायला शिकवा: पुढच्याचा हात आणि ड्रम मेजरची, म्हणजे बँडच्या पुढे चालणाऱ्या प्रमुखाची काठी. डावा पाय आणि ढोलाचा ठोका एकत्र, हे पहिल्या दहा पावलांत बसलं पाहिजे. मध्येच पाय बदलणारा रांगेत दोघांना घेऊन बुडतो.

प्रश्न: अमेरिकेतल्या ड्रम अँड बिगूल कोअरच्या, म्हणजे ड्रम-बिगुलांच्या संचलन पथकांच्या चित्रफिती नातवानं दाखवल्या. ते बिगुलावर सगळी गाणी वाजवतात. आमच्या बिगुलावर का वाजली नाहीत?
*निवृत्त क्रीडाशिक्षक, मूल*

उत्तर: तुमच्या साध्या बिगुलात कामाचे सूर पाचच: सा, प, तार सा, तार ग, तार प. रे, म, ध, नि त्या नळीत एवढ्या पल्ल्यात नाहीतच, ओठ कितीही आवळले तरी. लास्ट पोस्टसारख्या सैनिकी इशाऱ्यांना तेवढे पुरतात. गाणं बसवायचं तर बासरी हवी.

अमेरिकेत ही पथकं पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांच्या आधारानं वाढली. अमेरिकन लिजन ही १९१९ची संघटना त्यांत मोठी. त्यांचे बिगूल जी पट्टीचे, आपले सैनिकी पद्धतीचे बहुतेक बी फ्लॅटचे. त्यांनी आधी एक झडप बसवली. ती दाबली की नळी लांबते आणि मूळ सूर सा वरून खालच्या प वर जातो, म्हणून रे आणि नि हाती लागतात. पुढे एक स्वर उतरवणारी दुसरी झडप आली. तिनं म आणि कोमल नि दिले, दोन्ही एकत्र दाबल्या की ध. डीसीआय (ड्रम कोअर इंटरनॅशनल) या त्यांच्या मुख्य स्पर्धासंस्थेत १९९०पासून तीन झडपा चालू लागल्या आणि २०००पासून कोणत्याही पट्टीची पितळी वाद्यं. म्हणजे नातवानं दाखवलेली चित्रफीत अलीकडची असेल तर त्यात बिगूल उरलेलाच नाही, नाव तेवढं राहिलंय.

डीसीआयची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली, अनाहाइम किंग्जमेन हे पथक जिंकलं. तेव्हा परीक्षक प्रत्येक चुकीला ०.१ गुण कापत. ही 'टिक' पद्धत १९८४पासून बंद झाली. अवघड वाजवून एकदा चुकणाऱ्यापेक्षा सोपं वाजवून न चुकणारा पुढे जायचा, ही तिथल्या जुन्या लोकांची तक्रार. आपल्या तालुका स्पर्धांतल्या माणसांना ती परकी वाटायची नाही.

प्रश्न: शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी जुन्या वादकांच्या आठवणी टिपायच्या आहेत. काय विचारावं?
*आमगाव*

उत्तर: 'तो काळ कसा होता' हे विचारू नका, सगळे एकच सांगतात. हातात काड्या द्या, समोर लाकडी पाट ठेवा आणि वाजवायला सांगा. तोंडाला आठवत नाही ते हाताला आठवतं. सुरुवातीचे रोल, चालीचा ठेका, थांबण्याआधीचे ढोलाचे दोन ठोके हे वेगवेगळं ध्वनिमुद्रित करा. मग नेमकं विचारा: ओळीत तुमच्या डावीकडे कोण होतं, ड्रमचा पट्टा कोणत्या खांद्यावर, पान फाटलं तर कुठून आणायचे, मेरठहून की कामठीच्या छावणीतल्या ओळखीनं?

फोटोवर साल नसेल तर ड्रम पाहा. दोरी की बोल्ट, चामडं की प्लॅस्टिक. प्लॅस्टिकची पानं अमेरिकेत १९५७च्या सुमारास बाजारात आली, म्हणजे तशी पानं असलेला फोटो त्याआधीचा नाही. बिगुलाच्या कर्ण्यावरचा ठसाही वाचा, त्यात बनवणाऱ्याचं नाव आणि कधी कधी सालही असतं.

प्रश्न: जुन्या बिगुलाचं माऊथपीस अडकलंय. पक्कडीनं काढू का? आणि चिंचेनं घासला तर चालेल?
*खामगाव*

उत्तर: पक्कड नको, नळी पिळली जाते. सांध्यावर तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरच्या नळीभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा, सांध्यावर लाकडी मुठीनं चारी बाजूंनी हलके टोले द्या आणि हातानंच फिरवा. नाही निघालं तर तांबटाकडे न्या. टाका उसवला असेल तर तो कथलाच्या डागानंच जोडायला सांगा. पितळेच्या डागाला आच फार लागते, तिनं पत्रा मऊ पडतो.

चिंच उघड्या तांब्या-पितळेला चालते; निकेलचा मुलामा किंवा लाखेचा थर असेल तर नाही. लावल्यावर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, कोरडा पुसा, आणि माऊथपीसच्या आत चिंच किंवा पॉलिश काहीच जाऊ देऊ नका. आतून फक्त कोमट साबणपाणी.