पिलर ड्रिल हलवताना
अरे, पिलर ड्रिल म्हणजे खांबावर बसवलेलं उभं ड्रिल मशीन. त्याचं वजन कुठे आहे ते आधी बघ. मोटर, पुल्या, हेड (ड्रिल फिरवणारा वरचा भाग) सगळं वर, खाली नुसता बिडाचा बेस. म्हणून प्लग काढ, टेबल पार खाली आणून आवळून टाक. हेड उतरवायचं असेल तर दोघं लागा. बोल्ट ढिला केला की ते धपकन खाली येतं. माझं बोट थोडक्यात वाचलंय! हलवताना फीडचं हँडल (ड्रिल खाली दाबायचं) धरून ओढू नकोस, खांबालाच धर.

चाकं हवीच असतील तर 18 मिमी प्लायचे दोन थर चिकटवून बेसपेक्षा चांगली रुंद फळी कर, बेस तिला बोल्टने आवळ आणि ब्रेकवाली चाकं अगदी कोपऱ्यांत लाव. माझं विचारशील तर चाकं नकोतच. एकदा जागा ठरली की बेसच्या भोकांतून सरळ जमिनीत अँकर बोल्ट मार.