पेडलच्या कयाकवर कंबर का धरते? उशी घेण्याआधी हे बघा

तुम्ही विचारलंय: पेडलवाली फिशिंग कयाक (पायांनी पेडल मारत चालवायची, मासेमारीची छोटी अरुंद होडी) घेऊन चार महिने झाले, दीड-दोन तासांत कंबर धरते, घरी आल्यावर तासभर सरळ उभं राहता येत नाही. वय ४४, काम बैठं. सीटवर जेलची उशी घेऊ का?

उशी घेऊ नका. निदान आधी तरी नको. मी घेतली होती आणि दुखणं वाढवून बसलो. मऊ उशीत बूड स्थिर राहत नाही, दर ढकलीला डावं-उजवं डोलतं, आणि दोन इंच वर आल्यामुळे पेडलही थोडे लांब पडतात. दुखण्याचं मूळ त्या लांबीतच आहे.

मी अमेरिकेत, टेक्ससमधल्या ह्यूस्टनला राहतो, गेली काही वर्षं जवळच्या गॅल्व्हेस्टनच्या वेस्ट बे या खाडीत रेडफिशच्या मागे असतो. (रेडफिश म्हणजे आपल्या घोळ माशाच्याच कुळातला. इथं सहसा २० ते २८ इंचांतलाच ठेवता येतो, बाकीचे सोडून द्यायचे.) वैद्यकातला माणूस नाही. पण पहिलं वर्ष कंबरेला पट्टा बांधून काढलंय आणि फिजिओथेरपिस्टकडे फेऱ्या मारल्यात, त्या जोरावर लिहितो.

आधी घरीच एक प्रयोग करा. जमिनीवर बसा, पाय समोर पूर्ण सरळ पसरा आणि हात न टेकता पाठ ताठ करायचा प्रयत्न करा. बैठं काम करणाऱ्या बहुतेकांना जमत नाही, कंबर मागच्या बाजूला गोल होते. आता गुडघे थोडे वर घ्या. कंबर लगेच सरळ होते. मांडीच्या मागचे स्नायू वर बसायच्या हाडाला आणि खाली गुडघ्याच्या पलीकडे जोडलेले असतात. पाय पूर्ण सरळ केला की ते ताणले जातात आणि ओटीपोटाचा सांगाडाच मागं ओढतात. मग कंबरेचा नैसर्गिक बाक जातो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर पुढून दाब येतो. कयाकमध्ये पेडल लांब असतील तर तुम्ही नेमकं हेच करता, आणि तेही मिनिटाला चाळीस-पन्नास वेळा, जोर लावून.

म्हणून पहिलं काम पेडलचं अंतर. पेडल सर्वांत लांब गेलेला असताना गुडघ्यात स्पष्ट वाक उरला पाहिजे. पाय ताठ होत असेल, किंवा टोकाला पोचायला टाच सोडून चवडा ताणावा लागत असेल, तर अंतर जास्त आहे. होबी कंपनीच्या मिराज ड्राइव्हसारख्या, कयाकखालचे पंख हलवणाऱ्या यंत्रणेत पेडलच्या दांड्यांवर आकडे असतात आणि खटका दाबून पेडल मागंपुढं सरकवता येतात. पंख्याच्या, म्हणजे सायकलसारख्या गोल फिरणाऱ्या पेडलच्या कयाकमध्ये बहुधा सीटच रुळावर सरकते. तिथं उलटी चूकही होते. सीट फार पुढं घेतली की वर आलेला गुडघा पोटाकडे दाबला जातो आणि कंबर पुन्हा गोल. या प्रकारात सीट वरच्या खाचेत लावता येत असेल तर ती वरच ठेवा, बूड पेडलपेक्षा जितकं उंच तितकं बरं.

आता माझी गंमत. एका रविवारी किनाऱ्यावर कयाक उलटी करून वाळू झाडत होतो, तेव्हा दिसलं की डावा पेडल ४ वर आहे आणि उजवा ५ वर. किती महिने तसा होता देव जाणे! दर ढकलीला कंबर एका बाजूला पिळत होती आणि मी ‘उजवीकडेच का दुखतं’ म्हणून एक्स-रे काढून आलो होतो. तुमचे दोन्ही आकडे आजच बघून घ्या.

सीटची पाठ आरामखुर्चीसारखी मागं टाकायचा मोह होतो. टाकू नका. पाठ मागं गेली की बूड पुढं घसरतं आणि कंबरेखाली पोकळी राहते. जवळपास ताठ, अगदी किंचित मागं, आणि बूड पार मागं खेटवून बसायचं. सीटचा पुढचा काठ थोडा उचलता येत असेल तर उचला, मांड्यांना आधार मिळतो आणि घसरणं थांबतं. कंबरेच्या खोबणीत आधार हवा असेल तर गुंडाळलेला लहान टॉवेल पुरतो. लाइफ जॅकेटकडेही लक्ष द्या. साध्या जॅकेटचा जाड फोम खालपर्यंत येतो, त्यामुळे पाठ सीटला टेकतच नाही. मासेमारीच्या कयाकसाठी मिळणाऱ्या जॅकेटमध्ये मागचा फोम उंच असतो आणि खाली नुसती जाळी. उशीचे पैसे तिथं घाला. पण फोम अडचणीचा होतो म्हणून जॅकेट काढून ठेवायचं नाही, हे सांगायला नको.

पेडल मारताना सायकलचं तत्त्व लक्षात ठेवा: जड गिअरवर दमण्यापेक्षा हलके आणि जलद पाय बरे. अचानक जड लागायला लागलं तर पंख्यात किंवा पंखांत गवत अडकलंय का बघा, जोर लावत राहू नका. उन्हाळ्यात इथं दुपारी दक्षिणेकडून वारा चढतो, म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना वारा पाठीशी घ्यायचा. मी एकदा उलटं केलं होतं. परतीचे दोन मैल अजून आठवतात.

दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबा. गळ टाकून बसायचंच असतं, तेव्हा पाय पेडलवरून काढून खाली टेकवा. कयाक रुंद असेल आणि पाणी संथ असेल तर उभे राहा, हात कंबरेवर ठेवून मागं झुका. आणि ज्या वस्तू सारख्या लागतात त्या मागच्या क्रेटमध्ये ठेवू नका. बसल्या बसल्या वळून मागचा जड डबा उचलणं म्हणजे उसण भरायला आमंत्रण.

पण माझ्या मते निम्मी दुखणी पाण्यात होतच नाहीत, पार्किंगमध्ये होतात. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंची सेंटीमीटरभर जास्त भरते. उठल्यावर पहिला तासभर पुढं वाकणं कंबरेला सर्वांत महाग पडतं. आणि आपण काय करतो? चारला उठतो, गाडीत बसतो आणि पोचल्या पोचल्या चाळीस-पन्नास किलोची कयाक वाकून ओढतो. मी आता उठून घरात पंधरा मिनिटं चालतो, चहा उभ्यानंच घेतो. कयाक रात्रीच गाडीवर चढवलेली असते. पोचल्यावर सीट आणि पेडलची यंत्रणा वेगळी उतरवतो, कयाक चाकाच्या गाडीवर नेतो. टपावर एकट्यानं चढवायचा हट्ट सोडलाय.

व्यायामात सेतुबंधासन, साइड प्लँक, आणि हातापायांवर रांगत्या स्थितीत उलटसुलट हात-पाय लांबवणं, एवढं आठवड्यातून चारदा. मांडीच्या मागचे स्नायू ताणायचे तर उताणं झोपून एक पाय पंचानं वर ओढून. कंबर दुखत असताना पश्चिमोत्तानासनाच्या वाटेला जाऊ नका, तिथं कंबर पुन्हा गोलच होते.

कळ गुडघ्याखाली उतरत असेल, पाय बधिर होत असेल किंवा पाऊल उचलताना लटकत असेल तर पेडल सरकवत बसू नका, डॉक्टर गाठा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जा.

तसं काही नसेल तर या शनिवारी पेडल एक आकडा जवळ घ्या, पाठ ताठ करा आणि तासाभरातच परत या. दुसऱ्या दिवशी मांड्या आणि बुडाचे स्नायू भरून येतील. ते दुखणं चालेल.