विमानाचं अंतर नि वेळ काढताना आधी एवढंच बघा
सपाट नकाशावर पट्टी ठेवलीत, तिथेच चुकलं. सुरुवातीला बहुतेकांचं चुकतं. पृथ्वी गोल असल्याने लंडन–न्यूयॉर्कची सर्वांत जवळची वाट नकाशावर उत्तरेकडे वाकलेली दिसते. अंतर सुमारे ५,५५० किमी.

आता वेळ. ताशी ९०० किमी धरा, पण नुसता भागाकार नको:

- चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवा.
- वारा बघा. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून लंडनकडे येताना साधारण ७ तास, उलट जाताना ८.
- तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. त्यांची थेट वजाबाकी करू नका, आधी दोन्ही एकाच प्रमाणवेळेत आणा. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

वाऱ्यांचे तक्ते नंतर. आधी पाच-सहा मार्ग हाताने काढा आणि वेळापत्रकाशी ताडून बघा, जमेल तुम्हाला.